मोमोच्या सव्वीस घड्या

रविवार, १० ऑगस्ट २०२५

आज घरात कुत्रा आला. मला विचारून आला नाही.

वर्षालीने, म्हणजे आमच्या लेकीने, हिंजवडीच्या भाड्याच्या फ्लॅटवर हे पिल्लू गुपचूप ठेवलं होतं. घरमालकाला कळलं. तो म्हणाला, कुत्रा तरी राहील नाहीतर तुम्ही तरी. म्हणून ती सकाळी कंपनीच्या कॅबने त्याला मोशीला घेऊन आली आणि म्हणाली, "पप्पा, थोडेच दिवस." आमच्याकडे 'थोडेच दिवस' म्हणून आलेला तिच्या आत्याचा मिक्सर बारा वर्षं आहे.

जात शार-पे. मूळ चीनची. वय पाच महिने. नाव मोमो.

मी ज्योतीराम, एकतीस वर्षं चाकणच्या प्रेस शॉपमध्ये क्वालिटीत काढली. मोटारींचे पत्र्याचे भाग. पत्र्यावर केसाएवढी सुरकुती दिसली तरी माल लाल डब्यात टाकणारा माणूस. ३१ जुलैला रिटायर झालो, आणि दहाव्या दिवशी माझ्याच सोफ्यावर सव्वीस सुरकुत्या येऊन बसल्या. मोजल्या मी. कपाळाच्या धरून सव्वीस.

माझी बायको विजयश्री स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "याला याच्या मोठ्या भावाचं कातडं घातलंय का?"

तिची अट एकच. तिला वास चालत नाही, अर्धशिशी उठते. "दसऱ्यापर्यंत बघते. घरात वास आला तर पोरीने दुसरी सोय करायची. मग मला बोल लावायचा नाही."

मी म्हटलं, गुणवत्तेची जबाबदारी माझी. मला काही कुत्र्यांचं वेड नाही. पण दहा दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मला काम दिलं, तेव्हा बरं वाटलं हे खरं.

सोमवार, ११ ऑगस्ट

सकाळी मोमोने जांभई दिली. जीभ निळी.

निळी म्हणजे शाईची दौत उपडी केल्यासारखी. मी आधी माझी पेनं मोजली, सगळी होती. मग उंदराचं औषध आठवलं. लुंगीवरच त्याला उचललं आणि रिक्षाने कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. डॉ. योगिनी म्हणून तरुण बाई आहेत. त्यांनी त्याचं तोंड उघडलं, बंद केलं आणि मला पाणी प्यायला दिलं.

"काका, या जातीची जीभ निळीच असते."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची. गुलाबी दिसली तर इकडे या."

पुढे त्या घड्यांबद्दल काही सांगत होत्या. मऊ कापड, कोरडं ठेवा, पावसाळा, असं काहीतरी. मी तेव्हा वहीत जिभेचा रंग लिहीत होतो. निळा म्हणावा की जांभळा, यावर अडलो होतो.

बुधवार, १३ ऑगस्ट

आजपासून यंत्रणा चालू. मोमोचं चित्र काढून प्रत्येक घडीला नंबर दिला. १ ते ९ तोंडाच्या, १० ते १८ पोट आणि काखेच्या, बाकी पाठीच्या. तक्ता फ्रिजवर लावला. तिथे विजयश्रीची किराणाची यादी होती, तिने ती काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आता सामानही तुम्हीच आणा."

उपाय काय करावा यावर विचार चालू असतानाच सासूबाईंचा, गोजाबाईंचा, भूम गावाहून फोन आला. त्यांनी तिकडच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांना मालिश केलेलं आहे. म्हणाल्या, "जावईबापू, लेकराच्या घड्यांत तेल जिरवलं की कातडं मऊ ऱ्हातंय. तुमच्या वर्षालीला मी काय वेगळं केलं व्हतं?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. प्रेसवर पत्र्याला सुरकुती आली की आमचा पहिला प्रश्न हाच असायचा, तेल मारलं होतं का? सासूबाईंचं शास्त्र आणि चाकणचं शास्त्र एकाच ठिकाणी येतं म्हटल्यावर शंका कसली.

खोबरेल तेल, रोज दोनदा. फर्स्ट शिफ्ट साडेसहा, सेकंड शिफ्ट पाच. प्रत्येक घडीत बोटाने, आतपर्यंत.

विजयश्री म्हणाली, "पावसाळ्यात एवढं तेल? चादरी बघा." चादरींबाबत तक्रार नोंदवली. प्रक्रियेशी संबंध नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट

साहेबराव आला होता. आमच्या जुन्या लाइनचा ऑपरेटर, मोशीचाच मूळचा. दारातच थबकला.

"आरं भावा, हे कुत्रं हाय का गादीचा अभ्रा?"

"शार-पे आहे."

"मंग इस्त्री का न्हाई केली?" असं म्हणून त्याने मोमोच्या पाठीवर हात ठेवला. हात सटकला आणि साहेबराव तोल जाऊन सोफ्यावर बसला. "तेलात तळायचा इचार हाय व्हय याला?"

अडाणी माणूस. एकतीस वर्षं प्रेस चालवली पण त्यामागचं तत्त्व कळलं नाही.

रविवार, २४ ऑगस्ट

अत्यंत महत्त्वाचा दिवस. घड्या २६ वरून २२.

पाठीच्या चार घड्या साफ गेल्या. तेल लागू पडतंय. वजनही दोन किलोने वाढलं, म्हणजे तब्येतीवर दुष्परिणाम नाही. हा वेग राहिला तर डिसेंबरपर्यंत शून्य घडी. वर्षालीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "पप्पा, तो नुसता मोठा होतोय." आजकालच्या मुलांना दुसऱ्याच्या कामाचं श्रेय द्यायला जमत नाही.

विजयश्री म्हणाली, "तेल जरा कमी करा, आतून ओलंच राहतंय ते." आकडे समोर असताना असं बोलणाऱ्याला काय सांगायचं. तिने तक्ता बघितलेला नाही. प्रक्रियेशी संबंध नाही.

गुरुवार, २८ ऑगस्ट

काल गणपती बसले. मोमो दिवसभर पाटासमोर बसून होता. आरतीला आलेल्या दोघांनी त्यालाच आधी नमस्कार केला.

विजयश्री त्याला 'मोदक' म्हणते. म्हणते, इतक्या सुबक कळ्या मला आयुष्यात पाडता आल्या नाहीत. दुपारी त्याच्यापुढे खरोखरचा मोदक दिसला. विचारलं, तर म्हणाली पडला. पडलेला मोदक वाटीत कसा पडतो कळलं नाही.

बाकी तिला कुत्र्याचं काही नाही. मी जेवून दीड तास झोपतो तेवढ्यात तो तिच्या खुर्चीपाशी जाऊन बसतो, कारण तिथली फरशी गार आहे.

बुधवार, ३ सप्टेंबर

पहिली कस्टमर कंप्लेंट.

विजयश्री हॉलमध्ये आली आणि दारातच थांबली. "वास येतोय. ओलं फडकं चार दिवस बादलीत राहिल्यासारखा." मी वाकून वास घेतला. येत होता.

ती म्हणाली, "तेलच आंबलंय त्याच्या अंगावर."

मी लगेच तेलाची बाटली तपासली. ताजं, लाकडी घाण्याचं, सुगंधी. तेल निर्दोष. प्रक्रियेशी संबंध नाही.

उद्यापासून मूळ कारणाचा शोध. कंपनीत आमची पद्धत होती, 'का' हा प्रश्न पाच वेळा विचारायचा. पाचव्या 'का'ला माणूस कबूल होतो. मी या पद्धतीने एकदा थेट मॅनेजरपर्यंत पोचलो होतो. त्यानंतर माझी बदली झाली, पण कारण बरोबर होतं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

संशयित एक, टँकरचं पाणी. पाच दिवस मोमोला विकतच्या जारचं पाणी पाजलं. वास कायम.

संशयित दोन, त्याचा डब्यातला खाऊ. बदलला. वास कायम, शिवाय आता तो माझ्या चपलेकडे वेगळ्या नजरेने बघतो.

संशयित तीन, साहेबराव. तो आला की वास जास्त वाटतो. त्याला सांगितलं नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

मोमो फरशीवर पोट घासत फिरतो. पूर्ण तपासणी केली. १० ते १८ नंबरच्या घड्या लाल, चिकट. तिथेच वास. मी तेल वाढवलं, आता तीन शिफ्ट.

एक गोष्ट मात्र समजत नाही. १ ते ९, तोंडाच्या घड्या, एकदम स्वच्छ आणि कोरड्या. तेल तर तिथेही मीच लावतो. दुपारी उठून बघतो तर गायब. जिरत असेल. कंपनीत जो माल ओके आहे त्याची फाइल कोणी उघडत नाही, म्हणून मीही उघडली नाही.

घरात सुती फडकी कुठून येतात तेही कळत नाही. विजयश्रीने तिची जुनी मऊ साडी फाडलेली दिसते. दोरीवर रोज पाच-सहा वाळत असतात.

रविवार, १४ सप्टेंबर

कारण सापडलं. फिनेल.

फरशी कोण पुसतं? विजयश्री. कशाने? फिनेलने. मोमो पोट कुठे घासतो? फरशीवर. तीनच 'का'मध्ये निकाल. नियमाप्रमाणे संबंधित विभागाला लेखी कळवणं भाग होतं. कागद लिहिला. 'विषय: फरशीवरील फिनेलच्या वापराबाबत. आपला खुलासा ४८ तासांत सादर करावा.' खाली सही केली आणि ओट्यावर डब्याखाली ठेवला.

संध्याकाळी कागद परत मिळाला. मागे लिहिलं होतं, 'खुलासा: स्वयंपाक ४८ तास बंद.'

मंगळवार, १६ सप्टेंबर

चार वेळा वडापाव खाल्ला. पाचव्यांदा गाडीवाल्याने विचारलं, "काका, वहिनी गावाला का?"

फिनेल दोन दिवस बंद होतं. वास कायम. हे मी विजयश्रीला सांगितलं आणि कागद मागे घेतला. ती म्हणाली, "फाडू नका, जपून ठेवते." रात्री पिठलं मिळालं.

शनिवार, २० सप्टेंबर

विजयश्री दोन दिवस डोकं बांधून पडून आहे. अर्धशिशी. खिडक्या उघड्या आहेत, तरी वास जात नाही.

वर्षालीचा फोन आला. तिच्या ऑफिसातला अनिश म्हणून मुलगा तळेगावला राहतो, अंगण आहे. दसऱ्याच्या दिवशी येऊन मोमोला कायमचा घेऊन जाईल. विजयश्रीने पलंगावरूनच 'बरं' म्हटलं.

मीही म्हटलं, योग्य निर्णय आहे. मग बाल्कनीत जाऊन कुंड्या मोजल्या. मोमो मागोमाग आला आणि माझ्या पायावर बसला. तो फारसा लाडात येत नाही, शेपूट तर हलवतच नाही, पण मी घरात जिथे जातो तिथे येतो. संडासाच्या दाराबाहेरसुद्धा बसतो. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. लिहून ठेवतो, कारण तोंडाने सांगणार कोणाला.

मंगळवार, २३ सप्टेंबर

पोटाखालून रक्त दिसलं म्हणून डॉ. योगिनींकडे नेलं.

त्यांनी घडी उघडली, बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं. चमकत होतं.

"काका, काय लावता?"

"खोबरेल. तीन शिफ्ट."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "घडीच्या आत वारा नाही, वर पावसाची दमट हवा, त्यात तुम्ही रोज तेल भरताय. आत बुरशी माजली आहे. किती आग होत असेल त्याला. घडी पुसायची, कोरडी करायची आणि सोडून द्यायची. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

मी तक्ता दाखवला. घड्या २६ वरून १७. म्हटलं, पण फायदाही झालाय.

"काका, पिल्लू वाढतंय. अंग कातड्यात भरतंय. तुम्ही तेलाऐवजी रोज टाळ्या वाजवल्या असत्या तरी एवढ्याच कमी झाल्या असत्या."

मग त्यांनी त्याचं तोंड बघितलं आणि पहिल्यांदा हसल्या. "तोंडाच्या घड्या मात्र सुंदर ठेवल्यात. कोण करतं?"

मी म्हटलं, "मीच." दुसरं कोण करणार?

औषधाचा शाम्पू दिला, गोळ्या दिल्या. रिक्षात मोमो माझ्या मांडीवर होता. त्याला महिनाभर मी भाजत होतो आणि तरी तो माझ्याच मांडीवर बसला. त्याच्या तोंडाकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर

विजयश्रीला सांगितलं नाही. 'गोळ्या दिल्यात' एवढंच म्हटलं.

एकतीस वर्षांत माझ्यामुळे एक नग रिजेक्ट झालेला नाही. मी दुसऱ्यांचे रिजेक्ट करायचो. फिनेलचा कागद तर तिने कपाटात ठेवलाय. आता कुठल्या तोंडाने सांगू की कारण फिनेल नव्हतं, पाणी नव्हतं, साहेबराव नव्हता.

तेल बंद केलं. आंघोळ घातली. पाणी दिसलं की मोमो कपाटासारखा ताठ होतो. चारही पाय फाकवून दारात अडकला, शेवटी आडवा करून आत घ्यावा लागला. नंतर एकेक घडी उचलून टॉवेलने टिपली, पंख्याखाली धरली. पन्नास मिनिटं लागली. आमच्या दोघांत मी जास्त भिजलो होतो.

सोमवार, २९ सप्टेंबर

लाली उतरली. पोट घासणं बंद. वास जवळपास गेला. विजयश्रीचं डोकं दुखणंही थांबलं, आज तिने अंबाड्यात गजरा माळला.

मी सहज म्हटलं, "वास नाही आता. अनिशला नको म्हणूया का?"

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कारण सापडलं का?"

"शोध चालू आहे."

"मग कसं नको म्हणायचं? आज नाही, पुन्हा येईल. कारण सापडल्याशिवाय तक्रार बंद करायची नसते, असं तुम्हीच एकतीस वर्षं जेवताना सांगत आलात."

तिने एक शेंग मोमोला दिली. ती कशी पडली ते यावेळी मी विचारलं नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. कंपनीत आज सगळ्या प्रेस धुतात, हार घालतात, पेढे वाटतात. मी दरवर्षी माझ्या लाइनच्या प्रेसला नारळ फोडायचो. आज पहिल्यांदा माझ्याकडे पूजेला काही नव्हतं. सकाळपासून हॉलमध्ये इकडून तिकडे फिरत होतो.

अकरा वाजता विजयश्रीने हाक मारली. पाटावर माझं व्हर्नियर, वही आणि पेन मांडलं होतं, हळदकुंकू वाहिलेलं. बाजूला मोमो, गळ्यात झेंडूचा हार. मी डोळे मिटून हात जोडले. डोळे उघडेपर्यंत त्याने हार खाल्ला होता, स्वतःचाही आणि व्हर्नियरचाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. नाही सांगितलं. उद्या तो जाणार.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

अनिश साडेदहाला आला. चांगला मुलगा आहे. सोबत नवा पट्टा, नवी गादी. मोमोने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या पायावर बसला. अनिशने पट्टा ओढला. कातडं पुढे गेलं, कुत्रा जागेवरच.

अनिश म्हणाला, "काका, याच्या वासाचं कारण काय निघालं? म्हणजे मी तिकडे ती चूक करायला नको."

साधा प्रश्न होता. विजयश्री वाटीत आपट्याची पानं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती.

मी उभा राहिलो. ऑडिटला उभा राहायचो तसा, हात मागे. म्हटलं, "कारण मी. रोज दोन शिफ्ट खोबरेल भरलं, मग तीन केल्या. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. त्याला बुरशी झाली, रक्त आलं, हिची अर्धशिशी उठली. आणि मी हिला फिनेलचा कागद दिला. नऊ दिवसांपूर्वी कळलं मला. लाज वाटली म्हणून बोललो नाही."

अनिशला पट्टा कुठे ठेवावा कळत नव्हतं.

विजयश्री म्हणाली, "मला पहिल्यापासूनच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तीनदा बोलले. तुमच्या वहीत बघा, लिहून ठेवलं असेल तुम्ही." मग हलक्या आवाजात, "तुम्ही झोपलात की रोज पुसत होते मी त्याला. पण खुर्चीवरून तोंडापर्यंतच हात पोचायचा. पोटाखाली वाकायला माझा गुडघा देत नाही."

मी वही उघडली. तेरा ऑगस्ट, चोवीस ऑगस्ट, तीन सप्टेंबर. तिन्ही ठिकाणी तिचं म्हणणं माझ्याच अक्षरात, आणि पुढे माझाच शेरा. मला चष्मा पुसावा लागला. डॉक्टरांपुढे मी 'मीच' म्हणालो होतो, तेही तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, "ते मला माहीत नव्हतं," आणि हसली.

मग तिने अनिशच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. "सोनं घे बाळा, जेवून जा. श्रीखंड आहे. कुत्रा काही मिळायचा नाही. अगदीच रिकाम्या हाताने जायचं नसेल तर यांना घेऊन जा, तळेगावला अंगण आहे म्हणतोस."

अनिश जेवून गेला. गादी ठेवून गेला.

दुपारी मी झोपलो नाही. वर्षालीला फोन करून सगळं सांगितलं, ती इतकी हसली की शेजारच्या फ्लॅटमधले लोक विचारायला आले. नंतर मी खाली फरशीवर आणि विजयश्री खुर्चीवर बसलो. ती तोंडाच्या घड्या पुसत होती, मी पोटाच्या. मोमो मधे उभ्या उभ्याच घोरायला लागला.

संध्याकाळी अंतिम अहवाल लिहिला. तक्रार: वास. मूळ कारण: ज्योतीराम. एकतीस वर्षांत त्या रकान्यात मी माझं नाव पहिल्यांदाच लिहिलं. मंजुरीसाठी विजयश्रीपुढे ठेवला. तिने चष्मा लावून दोनदा वाचला, माझ्या हातातून पेन घेतलं आणि खाली लिहिलं:

'तक्रार बंद. कुत्रा ओके. माणूस निरीक्षणाखाली.'